घरी इलेक्ट्रिक कारचा चार्जर बसवताना: मीटरपासून गाडीत लावायच्या गनपर्यंतचं वायरिंग

गीझर वीस मिनिटं चालतो, इस्त्री फार तर अर्धा तास. कारचा चार्जर रात्री दहाला लावला की पहाटेपर्यंत एकसारखा पूर्ण करंट ओढत राहतो. घराच्या वायरिंगला असा भार माहीत नसतो. जो सैल स्क्रू गीझरच्या पॉइंटला दहा वर्षं चालून गेला, तोच चार्जरच्या पॉइंटला दोन महिन्यांत सॉकेट वितळवतो. पुढचा सगळा लेख याच एका गोष्टीवर उभा आहे: चार्जरच्या लाइनमधली प्रत्येक वस्तू सलग सात-आठ तास चालणाऱ्या करंटच्या हिशेबाने निवडायची.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या. महावितरणला द्यायचा टेस्ट रिपोर्टही त्याच्याच सही-शिक्क्याने लागतो. लेख वाचून स्वतः वायर ओढायची नाहीये. वायरमनला काय सांगायचं, त्याने केलेलं काम कसं तपासायचं आणि कुठे ठाम राहायचं, ते कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

पहिली पायरी: गाडी किती घेते ते बघा

एसी (घरच्या विजेवरच्या) चार्जिंगमध्ये भिंतीवरचा डबा बॅटरी भरत नाही, तो फक्त वीज तपासून गाडीला देतो. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ किलोवॅटचा डबा लावूनही गाडी ३.३ नेच भरेल. म्हणून आधी गाडीच्या माहितीपुस्तिकेत एसी चार्जिंगची कमाल क्षमता शोधा.

आपल्याकडे साधारण तीन प्रकार दिसतात. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर, १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा, सुमारे ३ किलोवॅटचा. दुसरा ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स, सिंगल फेजवर ३२ अँपिअर ओढणारा. तिसरा ११ किलोवॅटचा, थ्री फेजवर प्रत्येक फेजला १६ अँपिअर.

कोथरूडहून हिंजवडीला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात. त्याला सहा-सात युनिट लागतात, म्हणजे पोर्टेबल चार्जरवर अडीच तासांचं काम. एवढाच वापर असेल तर नीट ओढलेली १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन पुरते, आणि आमच्या मते बहुतेक घरांनी तिथूनच सुरुवात करावी. फक्त केबल मोठीच टाकून ठेवा. पुढे वॉल बॉक्स घेतलात तर भिंत पुन्हा फोडावी लागत नाही.

दुसरी पायरी: मंजूर भार

महावितरणच्या बिलावर मंजूर भार आणि सिंगल की थ्री फेज हे छापलेलं असतं. आता बेरीज करा. चार्जर ३२ अँपिअर, दीड टनी एसी सुमारे ७, दोन किलोवॅटचा गीझर ९. तिन्ही एकाच वेळी चालले तर ४८ झाले, आणि सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच्याच भारासाठी असते. म्हणजे ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स लावायचा तर थ्री फेज घेणं हाच सरळ मार्ग. ३ किलोवॅटचा चार्जर असेल तर भार वाढवून सिंगल फेजवर भागू शकतं.

थ्री फेज घेताना स्थिर आकार वाढतो, तो मनात धरा. नाही घ्यायचं तर दोन उपाय आहेत. बहुतेक वॉल बॉक्समध्ये करंट कमी करायची सोय असते, तो १६ वर ठेवा. किंवा मेन लाइनवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवून घरातला भार मोजणारा चार्जर घ्या. घरात गीझर लागला की तो आपोआप करंट उतरवतो.

बिलाचा हिशेबही इथेच करून टाका. स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घरगुती. पण घरगुती दर १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. महिन्याला १२०० किलोमीटर गाडी चालली तर चार्जिंगची घट धरून दोनशेच्या आसपास युनिट वाढतात, आणि ती सगळी वरच्या, महाग टप्प्यात पडतात. ईव्हीसाठी स्वतंत्र मीटर घेतला तर त्या दराला असे टप्पे नसतात. आधीच तीनशे युनिटच्या पुढे असणाऱ्यांनी दोन्ही दर शेजारी मांडून बघावेत. बंगल्यात एक-दोन माणसं आणि छतावर सोलर असेल तर घरचाच मीटर बरा.

तिसरी पायरी: सोसायटी

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. तरीही केबल सामाईक जागेतून जाणार, म्हणून सोसायटीला लेखी अर्ज करायचाच. अर्जाला चार गोष्टी जोडा: मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबलच्या मार्गाचा साधा नकाशा, केबलचा आकार, संरक्षणाची उपकरणं आणि कंत्राटदाराच्या परवान्याची प्रत. कमिटीची भीती बहुतेक वेळा आगीची असते. उत्तर कागदावर दिसलं की चर्चा लवकर संपते.

लाइन तुमच्याच मीटरनंतर निघाली पाहिजे. जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवरून ‘तात्पुरती’ लाइन घेऊ नका, आणि पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या डीबीतून (एमसीबीच्या मुख्य डब्यातून) खाली वायर सोडू नका. मीटर तळमजल्यावर असताना करंट वर नेऊन परत खाली आणण्यात केबल वाया जाते. केबल अग्निशमनाच्या पाइपांना बांधायची नाही आणि गॅस बँकेजवळून न्यायची नाही. पझल पार्किंगच्या हलत्या प्लॅटफॉर्मवर चार्जर बसत नाही. तिथे जमिनीवरचा एखादा स्थिर स्लॉट सोसायटीने राखून ठेवणं हाच उपाय.

चौथी पायरी: केबल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. वायरमन सांगतो, ‘३२ अँपिअरला सहा स्क्वेअर भरपूर.’ ‘स्क्वेअर’ म्हणजे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ३० अंश तापमानाला, पाइपमधल्या सहा स्क्वेअर एमएम पीव्हीसी तांब्याच्या वायरची क्षमता साधारण ४१ अँपिअर असते. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला जातो. तेव्हा तीच क्षमता ३६ च्या आसपास येते. ३२ अँपिअर सलग चालवायचे तर एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की पडून लाइन तोडणारा स्विच) ४० चा लावावा लागतो, कारण ३२ चा एमसीबी गरम डब्यात दोन-तीन तासांनी पडतो. झालं काय, की एमसीबी ४० चा आणि वायर ३६ ची. वायर तापत राहील, एमसीबी गप्प बसेल.

म्हणून ७.२ किलोवॅटसाठी पाइपमधून वायर न्यायची तर १० स्क्वेअर घ्या. उघड्यावरून किंवा पार्किंगच्या भिंतीवरून न्यायची तर तांब्याची एक्सएलपीई (जास्त तापमान सोसणाऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनाची) आर्मर्ड (वरून पोलादी कवच असलेली) केबल घ्या. ती उष्णता जास्त सहन करते, त्यामुळे कमी अंतरावर सहा स्क्वेअरचीही चालते. आर्मरचा फायदा म्हणजे उंदीर-घुशींपासून बचाव. स्टिल्ट पार्किंगमध्ये त्यांनी कुरतडलेली केबल ही नेहमीची गोष्ट आहे.

दुसरा हिशेब व्होल्टेज पडण्याचा. तांब्याच्या दुपदरी केबलमध्ये दर अँपिअरला, दर मीटरला पडणारं व्होल्टेज असं: ४ स्क्वेअरला ११ मिलिव्होल्ट, ६ ला ७.३, १० ला ४.४, १६ ला २.८. मीटर रूमपासून पार्किंग ३० मीटर असेल तर ३२ अँपिअरवर सहा स्क्वेअरमध्ये ७ व्होल्ट पडतात, दहामध्ये ४.२. आम्ही ३ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे ७ व्होल्टच्या आत राहतो, आणि सहा स्क्वेअरची मर्यादा तिथेच संपते. मोठ्या सोसायटीत ६० मीटर अंतर असेल तर दहा स्क्वेअरलाही ८.४ व्होल्ट जातात, तिथे १६ स्क्वेअर लागते. अंतर जमिनीवरून मोजू नका. भिंतीवर चढणं, वळणं, बीमला वळसा हे सगळं धरून टेपने मोजा.

१६ अँपिअरच्या साध्या लाइनसाठी ४ स्क्वेअर, २० अँपिअरचा एमसीबी. घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटला बऱ्याचदा अडीच स्क्वेअर वायर असते आणि तीही दुसऱ्या पॉइंटवरून लूप केलेली. त्यावर रोज चार्जिंग नको. एक्स्टेन्शन बोर्ड, थ्री-पिन अडॅप्टर अजिबात नको.

स्वस्त पडते म्हणून अॅल्युमिनियमची केबल सुचवली जाते. घ्यायचीच तर किमान १६ स्क्वेअर आणि बायमेटल लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायची दोन धातूंची टोपी) लावून. अॅल्युमिनियम तांब्याच्या टर्मिनलमध्ये थेट कसलं तर सांधा काळा पडून सैल होतो.

पाचवी पायरी: संरक्षण

चार्जरच्या लाइनला स्वतःचा एमसीबी आणि स्वतःचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) हवा. त्यावर दुसरं काहीही नको.

एमसीबी: डबल पोल, सी कर्व्ह, ७.२ किलोवॅटसाठी ४० अँपिअर. आरसीसीबी: ४० किंवा ६३ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, टाइप ए. दुकानात न विचारता मिळतो तो बहुधा टाइप एसी, त्याला नको म्हणा. गाडीच्या आतल्या चार्जरमधून डीसी गळती होऊ शकते. ती आरसीसीबीचा गाभा संपृक्त करते आणि मग खरी गळती झाली तरी तो पडत नाही. चांगल्या वॉल बॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारा भाग आत असतो. तो असेल तर बाहेर टाइप ए पुरतो. नसेल तर टाइप बी लागतो आणि तो बराच महाग असतो. चार्जर घेण्याआधीच हा एक प्रश्न विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एसपीडी (व्होल्टेजची अचानक उसळी जमिनीत सोडणारं उपकरण) टाइप टू, ३२० व्होल्टच्या आसपास रेटिंगचा, आरसीसीबीच्या अलीकडे, म्हणजे मीटरच्या बाजूला, बसवा. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा चार्जरचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) जाणं हा फार खर्चिक बिघाड असतो. इमारतीवर तडितरक्षक (पडलेली वीज जमिनीत नेणारा दांडा) असेल तर टाइप वन-प्लस-टू घ्यावा लागतो. एसपीडीच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, लांब तारेने त्याचा उपयोग निघून जातो.

घरात इन्व्हर्टर असेल तर चार्जरची लाइन त्याच्या अलीकडून निघाली पाहिजे. न्यूट्रलही वेगळा. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल चार्जरच्या न्यूट्रलला कुठेही मिसळला तर आरसीसीबी सारखा पडत राहतो.

सहावी पायरी: अर्थिंग

इथे घाई करू नका. समजा गाडीच्या बॉडीला फेज लागला आणि अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे, जो चांगला समजला जातो. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील. ४० अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर तासभरातही पडेलच असं नाही. तेवढा वेळ बॉडीत करंट राहील. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरला, सेकंदाच्या अंशात पडतो. म्हणजे नुसतं अर्थिंग पुरत नाही आणि आरसीसीबीलाही अर्थिंगची वाट हवी. दोन्ही लागतात. याच कारणाने आरसीसीबी मीटर रूममध्ये, केबलच्या सुरुवातीला बसवा, म्हणजे वाटेत केबलला इजा झाली तरी तो काम करेल.

पुण्याच्या जमिनीत वर थोडी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. बाणेर, वारजे, पाषाण या भागांत, टेकड्यांच्या उताराला दोन-तीन फुटांवरच खडक लागतो. तिथे खड्डा अर्धवट खणून पाइप कापून टाकला जातो आणि वर मीठ-कोळसा घातला जातो. पावसाळ्यात रोध ठीक दिसतो, मे महिन्यात तोच तिप्पट होतो. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांबीचा असतो. खडक असेल तर बोअरिंगच्या मशीनने छिद्र पाडून केमिकल अर्थिंगचा रॉड सोडा आणि भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची) भर घाला. एकाने रोध उतरला नाही तर दुसरा रॉड किमान रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर लावून दोन्ही जोडा. जवळजवळ लावलेले दोन रॉड जेमतेम एकाएवढंच काम करतात. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आकडा घ्या, आणि शक्यतो उन्हाळ्यात मोजा.

सोसायटीत मीटर रूमचं अर्थिंग चांगलं असेल तर तिथूनच केबलच्या तिसऱ्या तारेने अर्थ न्या. ही तार फेजच्याच आकाराची, हिरवी. पार्किंगजवळ वेगळा रॉड लावलात तर तोही याच अर्थला जोडा, दोन सुटी अर्थिंग ठेवू नका.

एक गोष्ट कधीही करू देऊ नका. चार्जरवर ‘अर्थ नाही’ असा लाल दिवा आला की काही वायरमन डब्यात न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून लूप मारतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीची संपूर्ण बॉडी २३० व्होल्टवर जाते. असा लूप दिसला तर त्याच क्षणी लाइन बंद करून काढायला लावा.

साहित्य: ३० मीटर अंतर, ७.२ किलोवॅट

- १० स्क्वेअर एमएम, थ्री कोअर, तांब्याची एक्सएलपीई आर्मर्ड केबल: ३४ मीटर, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर राखून
- ८ मॉड्यूलचा (आठ खाचांचा) आयपी ६५ (धूळ-पाणी आत न येणारा) डबा: एक
- डबल पोल एमसीबी ४० अँपिअर, टाइप ए आरसीसीबी, एसपीडी आणि त्याचा स्वतंत्र डबल पोल एमसीबी: चारही मिळून ८ मॉड्यूल भरतात
- चार्जरशेजारी डबल पोल आयसोलेटर (हाताने लाइन तोडायचा स्विच), आयपी ६५ डब्यात: एक
- केबलच्या मापाचे डबल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल डब्याला घट्ट पकडणारा तुकडा): दोन, आर्मरच्या अर्थ टॅगसह. आयसोलेटर ते चार्जर हा छोटा तुकडा आर्मर्डचाच असेल तर आणखी दोन
- पिन लग: बारा, आणि थोडे जास्त
- सॅडल (केबल भिंतीला धरणारी पट्टी), दर अर्ध्या मीटरला एक: साठ

पुण्यात वीजसाहित्याच्या बाजारात, तापकीर गल्लीत, हे सगळं एका फेरीत मिळतं. केबलवर आयएसआय खूण आणि दर मीटरचा छापील आकडा बघा, बिल पक्कं घ्या. वायरमनने ‘माल मी आणतो’ म्हटलं तर ब्रँड आणि आकार कोटेशनमध्ये लिहून घ्या.

सातवी पायरी: प्रत्यक्ष काम

चार्जरचा तळ जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवर, गाडीच्या पोर्टच्या बाजूला. गनची केबल बहुधा पाच मीटरची असते, गाडी उलटी लावली तरी पोचते का ते बसवण्याआधी बघा. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. नदी-ओढ्याजवळ किंवा बेसमेंटमध्ये असाल तर आयसोलेटर पाणी चढेल त्या पातळीहून वर घ्या आणि बंद करायचा मुख्य एमसीबी वरच्या पातळीवर ठेवा.

केबल वाटेत कुठेही जोडायची नाही, एकच सलग तुकडा. गाडी जाते त्या जागेखालून न्यायची तर ७५ सेंटिमीटर खोल, एचडीपीई पाइपात, खाली-वर वाळू आणि त्यावर विटांचा थर. केबल डब्यात खालून शिरली पाहिजे आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळतं आणि झोळावरून गळून जातं. वरून शिरलेली केबल तेच पाणी डब्यात नेते आणि पहिल्या पावसात आरसीसीबी पडायला लागतो. आर्मर ग्लँडमध्ये नीट पकडून अर्थला जोडा.

प्रत्येक टोकाला लग क्रिंपिंग मशीनने दाबून बसवा, पक्कडने नाही. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कला कसा, एमसीबीवर तो बहुधा २ ते २.५ न्यूटन-मीटर असतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर नसलेला कंत्राटदार हे काम नीट करणार नाही, असं आम्ही स्पष्ट म्हणू.

आठवी पायरी: चाचणी, तुमच्या समोर

लाइन चालू करण्याआधी चार्जर, एसपीडी आणि आरसीसीबी सोडवून केबलचं ५०० व्होल्टच्या मेगरने (वेष्टनाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजा. नियमाला १ मेगाओहम पुरतो, पण नवी केबल शंभराच्या वर दाखवायला हवी. दहाच्या खाली आकडा असेल तर कुठेतरी ओल आहे किंवा केबल सोलली गेली आहे. मग अर्थ तारेची सलगता, फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, आणि अर्थचा रोध.

लाइन चालू केल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. शक्य असेल तर टेस्टरने ३० मिलिअँपिअरला किती वेळात पडतो ते मोजा, ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. नंतर गाडी लावा आणि पूर्ण करंटवर चार्जरपाशी व्होल्टेज घ्या. आपल्या उदाहरणात ते मीटर रूमपेक्षा चारेक व्होल्टने कमी दिसेल. पंधरा व्होल्टने कमी असेल तर सांधा सैल आहे. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज दोन-तीनच्या आत हवं.

एक तासाने इन्फ्रारेड थर्मामीटरने टर्मिनल बघा. सगळी सारखीच कोमट असतील तर ठीक. एकच टर्मिनल शेजारच्यापेक्षा ठळक गरम असेल तर चार्जिंग थांबवा, लाइन बंद करा, ते उघडून पुन्हा क्रिंप करा.

नंतरच्या तक्रारी

दोन-तीन तासांनी एमसीबी पडतो: तो कमी रेटिंगचा आहे, डबा उन्हात आहे किंवा टर्मिनल सैल आहे. मोठा एमसीबी टाकून प्रश्न मिटवू नका, आधी केबलचा आकार बघा.

गाडी लावताक्षणी आरसीसीबी पडतो: न्यूट्रल मिसळलेला आहे किंवा अर्थला लागलेला आहे. फक्त पावसात पडत असेल तर ग्लँड आणि गन, दोन्ही कोरडी आहेत का बघा.

मध्यरात्री चार्जिंग आपोआप थांबतं: व्होल्टेज वर चढल्याने गाडी स्वतः थांबते. चार्जरच्या अॅपमध्ये व्होल्टेजची नोंद असते. आकडा सतत २५० च्या पुढे जात असेल तर नोंदीसह महावितरणच्या शाखा कार्यालयात तक्रार द्या.

पहिल्या महिन्यानंतर सगळे स्क्रू लाइन बंद करून पुन्हा कसून घ्या. नवी तांब्याची तार टर्मिनलमध्ये थोडी बसते. आरसीसीबीचं बटण महिन्यातून एकदा दाबा, अर्थ दर मे महिन्यात मोजा. पार्किंगमध्ये पाणी येण्याची शक्यता दिसली तर मीटर रूममधला एमसीबी बंद करा. पाणी ओसरल्यावर डबे उघडून वाळवा, मेगरचा आकडा पुन्हा घ्या आणि मगच लाइन चालू करा.